लिंगोची कथा आणि तिचे वाचक : गोंडी दैवतकथेच्या अभ्यासातील काही प्रश्न

प्रस्तावना

प्राचीन संस्कृतींतील देवदेवतांचा विषय महाविद्यालयात शिकविला जातो, तेव्हा ग्रीस, मिसर आणि बॅबिलोन यांच्या दैवतकथा प्रथम येतात. वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात, आजही सांगितली जाणारी लिंगोची कथा मात्र बहुधा तळटीपेत जाते किंवा 'आदिवासी लोककथा' या सदरात टाकली जाते. ग्रीकांचे ते 'पुराण' आणि गोंडांची ती 'गोष्ट', हा भेद कोणत्या निकषावर केला जातो, हे तपासणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात लिंगोकथेच्या छापील रूपांची चिकित्सा करून तिच्या तुलनात्मक वाचनाची दिशा सुचविली आहे.

संहिता कोणाची?

लिंगोकथेची सर्वांत जुनी ज्ञात विस्तृत संहिता नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व वंशकथांचे जतनकर्ते. हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून मरण पावले. पुढे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे गायक एक, लेखनिक दुसरा आणि संपादक तिसरा. पुढील पिढ्यांनी जिला 'गोंडांचे महाकाव्य' म्हटले, ती वास्तविक एका गायकाच्या गायनाची, दोन परकीय हातांतून आलेली नोंद आहे. मौखिक परंपरेत प्रत्येक गायक कथा नव्याने बांधतो, ही गोष्ट छापील पानावर दिसेनाशी होते.

याहून मोठा फेरफार कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी केला. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या पठारांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी ही कथा इंग्रजी पद्यात मांडली आणि त्यासाठी लाँगफेलो यांच्या 'हायवाथा' (१८५५) या काव्याचा छंद वापरला. तो छंद लाँगफेलोंनी फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतला होता. परधानाच्या वाद्यावर गायिली जाणारी कथा अशा रीतीने फिनलंड-अमेरिकेच्या वाटेने इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचली आणि लिंगोला 'संत' हे ख्रिस्ती वळणाचे बिरुद मिळाले. रसेल व हिरालाल यांच्या १९१६च्या चार खंडांतही ही कथा आली. ग्रंथालयात हीच पुस्तके हाताशी येत असल्याने विद्यार्थी त्यांनाच मूळ मानतात. शिक्षकाने पहिली सावधगिरी येथे बाळगावयास हवी.

कथेचा गाभा

हिस्लॉप यांच्या संहितेनुसार महादेव गोंडांना एका गुहेत कोंडतो व तिच्या तोंडावर प्रचंड शिळा ठेवतो. चार भाऊ मात्र निसटून काचीकोपा लोहागड येथे राहतात. फुलातून जन्मलेला लिंगो त्यांना भेटतो. तो त्यांना शेती शिकवितो, आपल्या वादनाने रिकाड गवडी या म्हाताऱ्या राक्षसाला नाचवितो आणि त्याच्या सात मुलींशी भावांची लग्ने लावून देतो. या सात जणी लिंगोला मोहात पाडू पाहतात. तो नकार देतो, तेव्हा त्या त्याच्यावरच आळ घेतात. भाऊ बायकांवर विश्वास ठेवून लिंगोला ठार मारतात, त्याचे डोळे काढतात. अमृताने तो पुन्हा जिवंत होतो आणि अखेर कोंडलेल्या गोंडांना सोडवून त्यांची कुळे व पूजाविधी लावून देतो.

साम्य आणि त्याची मर्यादा

नकार मिळालेल्या स्त्रीने निरपराध पुरुषावर आळ घेणे हा प्रसंग जगभर आढळतो. स्टिथ थॉम्पसन यांच्या कथाबीजकोशात त्याला के २१११ हा क्रमांक आहे. मिसरमधील 'दोन भावांची कथा' इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या पपायरसवर आढळते. युरिपिडीसचे 'हिप्पोलिटस' हे नाटक इसवी सनापूर्वी ४२८ मधील. भारतात कुणाल व पूरन भगत यांच्या कथा प्रसिद्ध आहेत. तौरातमध्ये आणि कुरआन शरीफच्या बाराव्या सूरेत हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या चरित्रात हा प्रसंग येतो.

परंतु क्रमांक लावल्याने अर्थ लागत नाही. निरपराधित्व कसे सिद्ध होते, हा प्रश्न विचारला की या कथा एकमेकींपासून वेगळ्या होतात. यूसुफ यांच्या बाबतीत मागून फाटलेला सदरा पुरावा ठरतो. तेथे साक्ष आणि न्याय यांना महत्त्व आहे. मिसरच्या कथेत धाकटा भाऊ बाता स्वतःचे अंग कापून सत्य पटवितो. हिप्पोलिटस प्राण गमावतो आणि सत्य देवीच्या तोंडून उशिरा कळते. लिंगो मात्र खुलासा करीत बसत नाही, सूडही घेत नाही. जिवंत झाल्यावर तो चार भावांकडे न परतता कोंडलेल्या शेकडो गोंडांच्या शोधात निघतो. आळ हा या कथेत केवळ शीलाची परीक्षा नाही. चौघांचा असलेला लिंगो त्यामुळे साऱ्या जमातीचा होतो. ही कलाटणी लक्षात न घेता केवळ 'साम्य' दाखविणारी तुलना कथेचे मर्मच गमावते. शिवाय साम्य म्हणजे उसनवारी, असा निष्कर्षही काढता येत नाही.

श्रद्धेचा प्रश्न

येथे एक नाजूक पण टाळता न येणारा मुद्दा उपस्थित होतो. यूसुफ यांच्या चरित्राला कोणी 'कथाबीज' म्हटले, तर मुस्लिम विद्यार्थ्याला ते खटकेल. त्याच्या दृष्टीने ते ईश्वरी वचन आहे. मग शेजारच्या बाकावरील गोंड विद्यार्थ्याच्या लिंगोला 'दंतकथा' म्हणताना तीच काळजी का घेतली जात नाही? दोहोंना समान मानावे, असे कोणी म्हणत नाही; तौहीदवर श्रद्धा असणारा शिक्षक तसे मानणारही नाही. अपेक्षा एवढीच की, दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत प्रामाणिकपणे मांडावे.

या बाबतीत मुस्लिम विद्यापरंपरेतच उत्तम आदर्श उपलब्ध आहे. अल-बीरूनी याने सुमारे १०३० मध्ये पूर्ण केलेल्या 'किताबुल हिंद' या ग्रंथात आपला हेतू खंडनमंडनाचा नसून हिंदूंचे म्हणणे जसेच्या तसे मांडण्याचा आहे, असे आरंभीच स्पष्ट केले. त्याने भारतीय मतांशेजारी ग्रीक मते ठेवली, तसेच विद्वानांची समजूत आणि सामान्यांची समजूत यांत फरक केला. त्याआधी इब्न अल-कल्बी याने इस्लामपूर्व अरबांच्या लात, उज्जा, मनात आदी दैवतांची माहिती 'किताबुल अस्नाम'मध्ये नोंदविली. स्वतःची श्रद्धा न सोडता दुसऱ्याच्या दैवतांविषयी लिहिता येते, हे या ग्रंथांनी दाखवून दिले.

नवे वाचन

लिंगोची कथा आज ग्रंथालयात बंद नाही. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा हीच ती कोंडलेली जागा, अशी गोंड समाजाची श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (निधन २०१५) यांनी पारी कुपार लिंगोला 'कोया पुनेम'चा संस्थापक म्हणून मांडले. या मांडणीत काली कंकाली, जंगो रायताड आणि संगीतज्ञ हिरासुका पाटालीर यांना स्थान आहे. वसाहतकालीन संपादकांनी दूर सारलेला गोंडांचा स्वतःचा आवाज येथे ऐकू येतो, ही मोठी जमेची बाजू. मात्र सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा कंगाली यांचा दावा विद्वानांत मान्य झालेला नाही. श्रद्धेचा आदर आणि पुराव्याची मागणी या दोन्ही गोष्टी शिक्षकाला एकत्र सांभाळाव्या लागतात.

पुरावा कोठे थांबतो, याचे उदाहरण बालाघाट जिल्ह्यातच आहे. १८७० मध्ये गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्यांतील काही शिंगे असलेल्या बैलाच्या मस्तकाच्या आकाराचे आहेत. ते पूजेचे होते की अलंकाराचे, हे सांगणारा लेख सोबत नाही. त्यांना कोणत्याही देवाचे नाव चिकटविणे म्हणजे कल्पनेला इतिहास म्हणणे होय.

समारोप

सारांश, लिंगोकथा शिकविताना तीन पथ्ये पाळावीत. संहिता कोणी, कोणाकडून व केव्हा घेतली हे प्रथम सांगावे. तुलनेत साम्याइतकाच भेदही दाखवावा. ज्यांची ती कथा आहे त्यांचे म्हणणे आधी ऐकावे आणि चिकित्सा नंतर करावी. बैहरच्या जंगलपट्ट्यातून आलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असताना त्याच्या आजीने सांगितलेली कथा हिप्पोलिटसच्या बरोबरीने फळ्यावर लिहिली गेली, तर तुलनात्मक अभ्यास हा शब्द सार्थ ठरेल.