आयरिश फिडलवादन आणि ध्वनिमुद्रण : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना

मौखिक परंपरेने चालत आलेले संगीत ध्वनिमुद्रित झाले म्हणजे त्याचे जतन होते की त्याचे स्वरूपच पालटते, हा संगीतसमीक्षेतील जुना प्रश्न आहे. आयर्लंडच्या पारंपरिक फिडलवादनाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो. या परंपरेवर छापील संग्रहांपेक्षाही तबकडीने अधिक खोल परिणाम केला आहे. प्रस्तुत लेखात काही निवडक ध्वनिमुद्रिकांच्या आधारे या परिणामाचा विचार केला असून, अलीकडच्या मुद्रिकांचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

वाद्य, धून आणि प्रदेश

फिडल म्हणजे व्हायोलिनच होय. वाद्याच्या घडणीत भेद नाही. भेद आहे तो गज चालविण्याच्या रीतीत आणि अलंकरणात. या परंपरेचा मुख्य साठा नृत्यधुनांचा आहे. रील, जिग, पोल्का हे त्यांचे प्रमुख प्रकार. सर्वसाधारण धून आठ मात्राखंडांच्या दोन भागांची असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवला जातो. म्हणजे नृत्याच्या गतीने वाजवलेली रील चाळीस सेकंदांच्या आत संपते. एवढ्या लहान आकृतीत वादकाचे कर्तृत्व दिसते ते पुनरावृत्तीतील सूक्ष्म फेरफारांत, कणस्वरांत आणि गजाच्या वजनात.

हे वजन प्रदेशागणिक बदलते. डोनेगॉलमध्ये गजाचे सुटे, तुटक आघात अधिक. स्लाइगोमध्ये उसळती, वेगवान आणि अलंकारप्रचुर शैली. पूर्व क्लेअरमध्ये संथ आणि काहीशी उदास लय. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरील स्लीव्ह लुआख्रा भागात पोल्का आणि स्लाइड यांचा ठेका. आपल्याकडे घराण्याने जी ओळख दिली, ती तेथे गावाने आणि परगण्याने दिली.

तीन मिनिटांची चौकट

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १,८५० धुनांचा संग्रह प्रसिद्ध केला. परंतु स्वरलिपीत गजाची चाल उतरत नाही. ती प्रथम दूरवर पोहोचवली ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीने. स्लाइगोमधील मायकेल कोलमन (१८९१-१९४५) हे १९१४ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांचे वादन मुद्रित होऊ लागले. जेम्स मॉरिसन आणि पॅडी किलोरन हे त्यांचे समकालीनही स्लाइगोचेच. स्थलांतरितांसाठी काढलेल्या या तबकड्या मायदेशी परतल्या आणि गावोगावचे वादक त्या ऐकून शिकू लागले.

याचे परिणाम दुहेरी झाले. एका अंगाने, एका असामान्य वादकाचे कौशल्य खेड्यातील मुलालाही उपलब्ध झाले. दुसऱ्या अंगाने, स्लाइगोची शैली हीच 'आयरिश शैली' असा समज रूढ झाला आणि आपल्या परगण्याची चाल अनेकांना गावंढळ वाटू लागली. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. त्यात दोन-तीन धुना सलग गुंफाव्या लागत. कोलमन यांनी १९३४ मध्ये 'टारबोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर' आणि 'सेलर्स बॉनेट' या तीन रील एकापाठोपाठ वाजवल्या. तो क्रम आजही मैफलींत तसाच वाजवला जातो. एका दिवसाची निवड पुढे परंपरा म्हणून स्थिरावली, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. त्या तबकड्यांवरील पियानोची साथ पुष्कळदा विजोड आहे. तरी श्रोत्यांनी तीही निमूटपणे स्वीकारली.

मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांमुळे मराठी अभ्यासकांस हा अनुभव अपरिचित नाही. मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ख्यालाचा विस्तार तबकडीत आखडला जातो हे श्रोत्यास ठाऊक होते. ती वानगी आहे, पूर्ण गायन नव्हे, अशी त्याची धारणा होती. आयरिश धून मुळातच लहान असल्याने तबकडीवरील आकृती पूर्ण आणि म्हणून प्रमाण वाटली. एकरूपतेचा धोका तेथे अधिक गंभीर झाला तो यामुळे.

पॉट्स यांचे बंड

या एकरूपतेस सर्वांत मूलगामी उत्तर डब्लिनच्या टॉमी पॉट्स (१९१२-१९८८) यांनी दिले. क्लॅडा कंपनीने १९७२ मध्ये काढलेल्या 'द लिफी बँक्स' या मुद्रिकेत त्यांनी परिचित धुना घेतल्या. पण मात्राखंडांची ठरीव चौकट ठिकठिकाणी मोडली, वाक्ये अनपेक्षित जागी थांबवली, स्वरांचे अंतर बदलले. या वादनावर नृत्य करता येत नाही, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप. तो खरा आहे. परंतु अपुरा आहे. पॉट्स यांचे प्रत्येक विचलन श्रोत्याच्या मनातील मूळ धुनेला उद्देशून केलेले असते. ज्याला मूळ धून ठाऊक नाही त्याला हे बंड कळतच नाही. म्हणून त्यांचे वादन परंपरेबाहेरचे नसून, परंपरेशी केलेला तो वाद आहे. मिहाल ओ सुलेवान यांनी पॉट्स यांच्या वादनावर प्रबंध लिहिला, यावरून या मुद्रिकेचे वैचारिक मोल ध्यानात येते.

विस्ताराचे सौंदर्य आणि त्याची किंमत

पॉट्स यांचा वारसा मार्टिन हेस (जन्म १९६२) यांनी वेगळ्या रीतीने पुढे नेला. पूर्व क्लेअरमधील हेस यांचे वडील पी. जे. हेस हे टुला केली बँड या नृत्यवृंदाचे आधारस्तंभ. शिकागोचे गिटारवादक डेनिस केहिल यांच्यासह हेस यांनी १९९७ मध्ये 'द लोनसम टच' ही मुद्रिका काढली. तिच्यात वेग कमी केला आहे आणि गिटारने मोजकेच स्वर वापरून धुनेभोवती मोकळी जागा ठेवली आहे. पुढे १९९९ च्या 'लाइव्ह इन सिएटल'मध्ये एकच माला जवळजवळ अर्धा तास चालते. तीन मिनिटांची चौकट येथे पूर्णपणे गळून पडली आहे. परंतु संथपणातही पावलांचा ठेका सूचित राहतो. वडिलांच्या वृंदातील नृत्य त्यात अदृश्यपणे वावरते. या मुद्रिकेचे यश त्यातच आहे.

'द ग्लोमिंग' या पाच जणांच्या समूहाची २०१४ मधील पहिली मुद्रिका याच वाटेने जाते. इअर्ला ओ लिनॉर्ड यांचे गायन आणि थॉमस बार्टलेट यांचा पियानो यांच्या संगतीत फिडल क्रमाक्रमाने उमलत जाते. परिणाम निःसंशय मोहक आहे. तथापि येथूनच एक नवा साचा तयार झाला, असे नमूद करावे लागते : संथ आरंभ, दाटत जाणारी साथ आणि अखेरीस उत्कर्ष. धून स्वतःच्या बळावर उभी राहण्याऐवजी वातावरणनिर्मितीचे साधन बनू लागते.

केहिल यांचे २०२२ मध्ये निधन झाले. त्यानंतर हेस यांनी 'कॉमन ग्राउंड एन्सेम्बल'सह २०२३ मध्ये 'पेगीज ड्रीम' सादर केली. यात पियानो, चेलो आणि इतर वाद्यांची रचना कुशल आहे. परंतु काही जागी गजाचे वजन साथीच्या भारात हरवते आणि केहिल यांच्या मौनाचे मोल नव्याने उमगते. याउलट 'आल्तान' या समूहाच्या २०२४ मधील 'डोनेगॉल' या मुद्रिकेचे नावच प्रदेशाशी नाते सांगते. मरेड नी वीनी यांच्या फिडलमधील परगण्याचा ठसा समूहवादनातही पुसला जात नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिमुद्रण हे परंपरेचे तटस्थ कोठार कधीच नव्हते. तबकडीने वेग आणि क्रम ठरवला. सभागृहासाठी घडवलेल्या मुद्रिकेने संथपणा आणि उत्कर्ष ठरवला. दोन्ही वेळा एका श्रेष्ठ कलावंताची वैयक्तिक निवड पुढील पिढीची सवय झाली. यावर उपाय मुद्रण टाळणे हा नव्हे, तर अनेकविध मुद्रणे ऐकणे हा आहे. १९८७ मध्ये डब्लिन येथे स्थापन झालेल्या आयरिश पारंपरिक संगीत संग्रहालयाचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे. कारण तेथे कीर्तिमान वादकांशेजारी अल्पपरिचित वादकही ऐकता येतात. साथीविना एकट्याने वाजवलेल्या फिडलच्या नव्या मुद्रिका अधिक संख्येने निघणे हीदेखील या परंपरेची आजची निकड आहे. गजाचे वजन तेथेच निर्विवादपणे ऐकू येते आणि वादक कोणत्या मातीतला, हे त्या वजनावरूनच ओळखता येते.