पडद्यावरील मराठी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : ‘ई-पीक पाहणी’च्या निमित्ताने

मोबाइलच्या पडद्यावरील बटणे, सूचना व त्रुटिसंदेश यांच्या लेखनास ‘यूएक्स रायटिंग’ असे म्हणतात. हे लेखन वाङ्मयात मोडत नाही. तथापि ज्या मजकुरावर विसंबून वाचकाला कृती करावी लागते, त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकांनी टाळणे उचित नव्हे.

मराठवाड्यात या प्रश्नाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू होती. ती न जाणणाऱ्या मराठी भाषकास सरकारी कागद समजून घेण्यासाठी मध्यस्थ लागे. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि पैठण-वैजापूरचा शेतकरी पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. ही नोंद सातबाऱ्यावर जाते. पीककर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई यांच्याशी तिचा संबंध येतो. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत चूक दुरुस्त करण्यास ४८ तासांची मुदत ठेवण्यात आली. साहजिकच पडद्यावरील शब्दाचा गैरसमज झाल्यास तो थेट अभिलेखात उतरतो.

या अॅपची जमेची बाजू म्हणजे त्यातील महसुली शब्दकळा. ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ हे शब्द यंदा न पेरलेली जमीन व कायमची लागवडीबाहेरची जमीन यांतील भेद नेमका दाखवतात. यंत्रानुवादाने दोहोंसाठी ‘पडीक’ हा एकच शब्द दिला, तर तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही अपुरा ठरेल. उलटपक्षी, बोलीत ‘कोड’ रुळलेला असताना ‘संकेतांक’ योजणे हे शुद्धतेच्या आग्रहाचे उदाहरण होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज असा मजकूर क्षणार्धात लिहून देतात. ‘आपली विनंती यशस्वीरीत्या प्रस्तुत करण्यात आली आहे’ हे काल्पनिक वाक्य घ्या. त्यात व्याकरणाचा दोष नाही. पण शेतकऱ्याच्या उपयोगाचे वाक्य वेगळे आहे : ‘नोंद झाली. चूक असल्यास ४८ तासांत दुरुस्त करा.’ हा केवळ सोप्या भाषेचा प्रश्न नाही. दुसऱ्या वाक्याच्या लेखकाला, शेतकऱ्याला पुढे कोणती अडचण येऊ शकते, हे ठाऊक आहे. तेवढे सांगितल्यास यंत्रही असे वाक्य लिहील. मात्र काय सांगायचे, हे शेतकऱ्याकडून जाणून घेण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.

म्हणून असा मजकूर प्रसृत करण्यापूर्वी तो निरनिराळ्या तालुक्यांतील शेतकऱ्यांकडून वाचून घेतला जावा आणि विद्यापीठीय मराठी विभागांनी त्या कामात सहभागी व्हावे. पडदा मराठीत असूनही शेतकऱ्याला मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्यावा लागत असेल, तर जुना मध्यस्थ अद्याप गेलेला नाही, असेच म्हणावे लागेल.