सरवा आणि वेस : रूथच्या पुस्तकाचे एक वाचन

जुन्या करारातील रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे. सासूवर जीव टाकणाऱ्या सुनेची गोष्ट म्हणून ते प्रवचनांतून सांगितले जाते आणि लग्नाच्या वेळी आवर्जून आठवले जाते. हे वाचन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नामीची साथ न सोडण्याचा रूथचा निर्धार पहिल्याच अध्यायात पूर्ण होतो. निष्ठा एवढाच विषय असता, तर पुढील तीन अध्यायांची लेखकाला गरज पडली नसती. परमुलखातून आलेल्या एका निराधार विधवेला बेथलेहेम गावाने कसे वागवले, हे सांगण्यासाठी ते तीन अध्याय लिहिले गेले आहेत.

लेखकाने कथेची मांडणी मोठ्या जाणतेपणाने केली आहे. 'बेथलेहेम' म्हणजे भाकरीचे घर. नेमक्या त्याच गावात दुष्काळ पडतो आणि अलीमलेखाचे कुटुंब मवाबात आश्रयाला जाते. तेथे त्यांना अन्न मिळते, सुमारे दहा वर्षे थारा मिळतो आणि दोन सुना मिळतात. म्हणजे रूथ बेथलेहेमात पाऊल टाकते, त्याआधीच बेथलेहेमची माणसे तिच्या देशात परकी म्हणून राहून आलेली असतात. हे ऋण लेखक मोठ्याने बोलून दाखवत नाही. दुसऱ्या बाजूला, मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंत प्रभूच्या मंडळीत प्रवेश नाही, असे अनुवाद या पुस्तकात नमूद आहे. ऋण आणि मनाई यांच्या कात्रीत ही कथा उभी आहे.

गावात शिरतानाचा प्रसंग पाहावा. स्त्रिया गोळा होतात आणि नामीलाच ओळखू पाहतात. आपण रिकाम्या हाताने परतलो, असे नामीही सांगते. त्या वेळी रूथ तिच्या शेजारीच उभी असते! तिच्याविषयी गाव बोलत नाही आणि सासूही बोलत नाही. नव्याने आलेल्या माणसाचा पहिला अनुभव हेटाळणीचा असतोच असे नाही. पुष्कळदा तो न दिसण्याचा असतो. लेखकाने हे एका वाक्याच्याही टीकेशिवाय दाखवले आहे.

दुसरा अध्याय शेतात घडतो. कापणीनंतर मागे राहिलेला सरवा गरीब आणि परके यांच्यासाठी सोडावा, असा लेवीय पुस्तकातील नियम आहे. रूथ त्या नियमाच्या आधारे सरवा वेचायला जाते. बवाज नियमापाशी थांबत नाही. गड्यांनी तिला त्रास देऊ नये, अशी ताकीद तो देतो. गड्यांनी भरून ठेवलेले पाणी तिने प्यावे, असे सांगतो. जेवणाच्या वेळी तिला कापणाऱ्यांच्या पंगतीत बसवतो. पेंढ्यांतील काही कणसे मुद्दाम खाली टाका आणि तिने ती उचलली तर तिला रागावू नका, असेही बजावतो. हा तपशील मला साऱ्या पुस्तकात अत्यंत महत्त्वाचा वाटतो. दान पदरात टाकून तिला ओशाळवाणे करण्याऐवजी तिच्या कष्टांचे माप वाढवले जाते. मत्तयच्या वंशावळीनुसार बवाज हा यरीहोच्या राहाबेचा पुत्र. परकी स्त्री घरात येणे म्हणजे काय, हे त्याला आपल्या घरातूनच ठाऊक असावे.

तरीही दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी रूथ 'मवाबी'च राहते. तिचे पोट भरले, पण तिला गाव मिळाले नाही. म्हणून चौथा अध्याय शेतातून वेशीवर येतो. तेथे दहा वडीलधारी बसतात, न्यायनिवाडे आणि व्यवहार होतात. जवळचा आप्त जमीन घ्यायला तयार होतो. मात्र जमिनीबरोबर मवाबी स्त्रीची जबाबदारी येणार हे कळताच, आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून माघार घेतो. लेखकाने या माणसाला नावच दिलेले नाही. वतन जपणारा निनावी राहिला आणि परकी मानलेल्या स्त्रीचे नाव ग्रंथाला मिळाले! बवाज तिचे मूळ लपवत नाही. 'मवाबी रूथ' असाच तिचा उल्लेख सर्वांसमक्ष करतो. त्यावर गाव तिला राहेल आणि लेआ यांच्या पंक्तीला बसवणारा आशीर्वाद देते. त्यानंतर 'मवाबी' हे विशेषण पुस्तकात पुन्हा येत नाही.

आता पुस्तकाच्या मर्यादेकडेही वळले पाहिजे. पहिल्या तीन अध्यायांत बाणेदारपणे बोलणारी रूथ चौथ्या अध्यायात एक शब्दही उच्चारत नाही. तिचे बाळ नामीच्या मांडीवर जाते आणि शेजारणी त्याला 'नामीचा मुलगा' म्हणतात. विवाह आणि पुत्र यांच्या वाटेनेच तिला गाव मिळते. मूल झाले नसते तर? या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नाही. आजच्या वाचकाने तो सोडूनही देऊ नये.

कारण ही कथा जुनी झालेली नाही. 1979 आणि 1980 या दोन वर्षांत व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधील सुमारे 60,000 निर्वासित कॅनडात स्थायिक झाले. त्यांतील निम्म्याहून अधिकांचा भार तेथील चर्चमंडळ्यांनी आणि नागरिकांच्या लहान गटांनी उचलला होता. घर शोधणे, मुलांना शाळेत घालणे, भाषा शिकवणे अशी वर्षभराची जबाबदारी त्यांनी पत्करली. 1986 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे नानसेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळाले. सप्टेंबर 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातील प्रत्येक धर्मग्रामाला एका निर्वासित कुटुंबाला आसरा देण्याचे आवाहन केले. 2018 च्या स्थलांतरित व निर्वासित दिनाच्या संदेशात त्यांनी चार कर्तव्ये सांगितली: स्वागत, संरक्षण, संवर्धन आणि समावेश. पहिली तीन बवाजच्या शेतात दिसतात. चौथ्यासाठी वेशीपर्यंतच जावे लागते.

आपल्या धर्मग्रामांतही छोटा नागपूरहून घरकामासाठी आलेल्या आदिवासी ख्रिस्ती मुली आहेत. त्यांची स्थिती निर्वासितांची नाही, पण त्या परक्या गावात आल्या आहेत. नाताळला त्यांना नवे कपडे देणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते चांगलेच आहे. तो सरवा झाला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय? पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत त्यांच्यापैकी कोणी बसते काय, आणि बसली तर बोलते काय? रूथचे पुस्तक वाचून मिटल्यावर हे प्रश्न मनात उरले नाहीत, तर आपण केवळ सासू-सुनेची गोष्ट वाचली असे म्हणावे लागेल.