पूर्वज्ञानाचा रकाना : वऱ्हाडातील इंग्रजीच्या पाठटाचणांसंबंधी काही विचार

पाठटाचणाला कोणी वाङ्मय म्हणणार नाही. तरीही शाळेतील शिक्षक आपल्या आयुष्यात जे काही लिहितो, त्यातील मोठा भाग याच लेखनाचा असतो. अध्यापक विद्यालयातील सराव-पाठापासून केंद्राच्या शिक्षण परिषदेत सादर होणाऱ्या आदर्श पाठापर्यंत ते एका हातातून दुसऱ्या हाती जाते, उतरून घेतले जाते, थोडे बदलते आणि पुढच्या शाळेत पुन्हा वापरले जाते. शिक्षकांमधील ही देवाणघेवाण जुनी आहे आणि ती इष्टही आहे. परंतु जे लेखन इतके लिहिले जाते व इतके नकलले जाते, त्याची चिकित्सा क्वचितच होते. तपासणी होते, पण तपासणाऱ्याची दृष्टी सारे रकाने भरले आहेत की नाहीत एवढ्यापुरतीच असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मराठी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी इंग्रजीची जी टाचणे लिहिली जातात, त्यांतील एका रकान्यापुरताच विचार येथे अभिप्रेत आहे. तो रकाना पूर्वज्ञानाचा.

टाचणाचा सर्वपरिचित साचा हर्बार्टच्या परंपरेतून आलेला आहे. हर्बार्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाचे म्हणणे असे की, मनात अगोदर असलेल्या कल्पनांचा आधार मिळाल्यावाचून नवी कल्पना मनात ठरत नाही. त्याच्या त्सिलर व राइन या अनुयायांनी या विचारास पाठाच्या पाच पायऱ्यांचे रूप दिले. इंग्रजी अमदानीतील शिक्षक-शिक्षणाबरोबर त्या पायऱ्या इकडे आल्या, रुजल्या आणि कालांतराने त्यांचे रकाने झाले. हर्बार्टच्या दृष्टीने पूर्वज्ञान हा पाठाचा प्राण होता. टाचणात मात्र ती एक औपचारिक ओळ होऊन बसली आहे. ‘विद्यार्थ्यांना नाम, सर्वनाम व क्रियापद यांची माहिती आहे’, अशी ती ओळ असते. शाळेने मुलास जे अगोदर शिकविले त्याचीच तेथे नोंद होते. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी त्याच्या जिभेला जे येत होते, त्याला त्या रकान्यात स्थान नाही.

या वगळण्याने काय घडते, ते एका नेहमीच्या पाठावरून पाहता येईल. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’, ‘इट’ या कर्त्यांबरोबर क्रियापदाला ‘एस’ लागतो, हा नियम सहावीच्या आसपास पक्का करून घ्यावयाचा असतो. टाचणात नियम येतो, फळ्यावर तक्ता येतो, रिकाम्या जागा भरावयाच्या असतात. मुले त्या भरतातही. तरी आठवीत गेलेला मुलगा ‘ही गो’ असेच लिहितो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे आठवीतल्या या मुलाचे इंग्रजीचे हे आठवे वर्ष असते. नियम समजला नाही असे म्हणावे, तर तो त्यास तोंडपाठ असतो. मग चूक कोठे राहते?

नियम समजावून सांगताना शिक्षक प्रमाण मराठीचा आधार घेतात. ‘तो जातो’, ‘ती जाते’, ‘ते जाते’. ‘मी जातो’, ‘मी जाते’. येथे क्रियापद लिंगानुसार बदलते. पुरुष आणि स्त्री यांची रूपे वेगळी, आणि ‘मी जातो’ व ‘तो जातो’ यांत क्रियापद मात्र एकच. इंग्रजीची व्यवस्था याच्या अगदी उलट आहे. तेथे ‘तो’ व ‘ती’ यांत भेद नाही. भेद आहे तो ‘मी’ आणि ‘तो’ यांत. प्रमाण मराठीच्या पायावर हा पाठ उभा केला की मुलाला दोन व्यवस्थांतील विरोधाशी झगडावे लागते.

वऱ्हाडी बोलीत हा विरोध नाही. खेड्यातील वऱ्हाडी मुलगा ‘माहा बाप वावरात जाते’ असे म्हणतो, आणि ‘माही माय वावरात जाते’ असेही म्हणतो. तृतीय पुरुषी एकवचनाला ‘जाते’ हे एकच रूप. कर्ता पुरुष असो वा स्त्री. प्रथम पुरुषी ‘मी जातो’ हे रूपही एकच. वऱ्हाडी स्त्री ‘मी जातो’, ‘मी येतो’ असेच म्हणते, आणि पुण्यामुंबईच्या श्रोत्याला त्याचे नवल वाटते. ‘मी जातो’ आणि ‘तो जाते, ती जाते’ ही मांडणी ‘आय गो’ आणि ‘ही गोज, शी गोज’ या मांडणीशी जुळते. पुरुषानुसार क्रियापद बदलावे व लिंगानुसार बदलू नये, ही इंग्रजीची शिस्त वऱ्हाडी मूल आईच्या मांडीवरच शिकलेले असते. ‘जातो’च्या जागी ‘गो’ आणि ‘जाते’च्या जागी ‘गोज’ एवढे दाखविले, तर ‘एस’ लागतो कोठे व का, हे त्यास नियमावाचून उमगण्याची शक्यता आहे. पण ज्या मुलाचे ‘तो जाते’ मराठीच्या तासाला अशुद्ध म्हणून खोडले गेले, त्याला इंग्रजीच्या तासाला त्याचीच सांगड घालण्यास कोण सांगणार? प्रमाण भाषा शिकविलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. मात्र जे खोडावयाचे ते मराठीच्या वहीत. इंग्रजीच्या पाठात ते भांडवल आहे.

हीच गोष्ट अपूर्ण काळाची. ‘तो काय करून राहिला?’, ‘माय सयपाक करून राहिली’, ‘बाप वावरात जाऊन राहिला’ ही वऱ्हाडीची नित्याची रचना. रोजची सवय आणि चालू असलेली क्रिया यांत वऱ्हाडी भाषक स्पष्ट भेद करतो. ‘जाते’ वेगळे, ‘जाऊन राहिला’ वेगळे. प्रमाण मराठीत ‘तो काय करतो?’ हा प्रश्न दोन्ही अर्थी चालून जातो, आणि म्हणून साधा व अपूर्ण वर्तमान यांतील इंग्रजी भेद तिच्या द्वारे शिकविणे कठीण पडते. वऱ्हाडीत तो भेद आयता आहे. भूतकाळीही ‘जाऊन राहिला होता’ हे रूप ‘वॉज गोइंग’च्या शेजारी ठेवता येते. अकोला, बाळापूर, अचलपूर येथील उर्दू शाळांतील मुलांच्या ‘जा रहा है’ या रचनेचाही असाच उपयोग आहे.

अर्थात बोली प्रत्येक ठिकाणी साह्य करील अशी समजूत करून घेणे भाबडेपणाचे ठरेल. ‘राहिला’ची रचना वऱ्हाडीत इंग्रजीहून पुष्कळ दूरवर जाते. ‘मले समजून राहिलं’, ‘मले दिसून राहिलं’ असे वऱ्हाडी मूल सहज म्हणते, आणि त्याच वाटेने ते ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग’ येथवर पोहोचते. जाणणे, दिसणे, आवडणे या क्रियापदांशी येताच वाट बदलते, हे शिक्षकाने अगोदर हेरून ठेवले पाहिजे. परंतु पूर्वज्ञानाच्या रकान्यात ‘करून राहिला’ची नोंदच नसेल, तर त्याच्या मर्यादेची नोंद तरी कोठून होणार? टाचणात ही चूक केवळ चूक म्हणून येते, तिचे कुळ सांगितले जात नाही.

मातृभाषेला इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवावे, या मताचा प्रभाव शिक्षक-शिक्षणावर दीर्घकाळ राहिला आहे. प्रत्यक्ष पद्धतीचा तो आग्रह. पुढे रचनापद्धतीने त्यास निवडक वाक्यरचनांच्या सरावाची जोड दिली. या पद्धतींनी फार मोठे काम केले. भाषांतराच्या ओझ्याखाली दबलेला वर्ग बोलू लागला, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. उलट ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिची आज चेष्टाच अधिक होते. तिच्यातील वाक्ये निर्जीव असतील, पण मराठी आणि इंग्रजी यांची वळणे कोठे जुळतात व कोठे फुटतात याचे भान तिच्या मुळाशी होते. तिची उणीव एवढीच की, तिची मराठी एकच होती, आणि ती वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरची नव्हती. भाषांतर पद्धत गेली तेव्हा तिच्या दोषांबरोबर हे भानही गेले.

बाहेरून आलेल्या पाठकल्पनांचा विचार येथे उपयोगी पडेल. दक्षिण कोरियातील माध्यमिक शाळा (सातवी ते नववी) हे इंग्रजी अध्यापनाच्या प्रयोगांचे एक मोठे क्षेत्र आहे. तेथे १९९५ साली सरकारी योजनेने इंग्रजी मातृभाषा असलेले परदेशी शिक्षक शाळांत नेमण्यास प्रारंभ झाला, आणि १९९७ पासून प्राथमिक तिसरीत इंग्रजीचा प्रवेश झाला. हे परदेशी शिक्षक बहुधा कोरियन न जाणता वर्गात उभे राहिले. त्यामुळे चित्रे, खेळ, अभिनय, एकाजवळ अर्धी माहिती व दुसऱ्याजवळ अर्धी अशी जोडीची कामे, यांचा मोठा साठा त्यांनी निर्माण केला व परस्परांत वाटला. त्यातील कल्पकता वाखाणण्याजोगी आहे. परंतु ती एका उणिवेतून जन्मली आहे. शिक्षकाला मुलाची भाषा येत नव्हती. वऱ्हाडातील शिक्षकाची स्थिती नेमकी विरुद्ध आहे. मुलाची बोली पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या घरची असते. त्या परदेशी शिक्षकाला जे साधन मिळणेच शक्य नव्हते, ते हाताशी असताना बाजूला सारून त्याचा खेळ तेवढा उचलणे, हा व्यवहार उफराटा म्हणावा लागेल.

शिवाय तो खेळ ज्या अडचणीसाठी रचलेला असतो, ती अडचण येथे असतेच असे नाही. कोरियन लिपीत ‘र’ आणि ‘ल’ या ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. म्हणून ‘राइट’ व ‘लाइट’ यांतील भेद ऐकविण्याचे खेळ तेथे आवश्यक ठरतात. मराठी मुलाला तो भेद उपजत आहे. त्याच्यासाठी हा तास वाया गेला. त्याची खरी अडचण ‘व’ची आहे. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतील भेद मराठी लेखनाने ‘व्ह’ची योजना करून दाखविला खरा, पण जिभेने तो मानलेला नाही, आणि ‘विचारा’ला ‘इचार’, ‘विहिरी’ला ‘इहीर’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी जिभेने तर तो ‘व’च कित्येक ठिकाणी टाकून दिलेला आहे. खेळ तोच ठेवून शब्दांच्या जोड्या बदलल्या, तरच तो वऱ्हाडचा होईल. कोरियन क्रियापद, आदरार्थी रूपे सोडली तर, कर्त्याच्या पुरुषानुसार बदलत नाही. त्यामुळे ‘एस’चा सराव तेथे शून्यापासून करावा लागतो. येथे तो शून्यापासून करण्याचे कारण नाही.

काही कल्पना मात्र जशाच्या तशा घेता येतील, कारण कोरियन व मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तीन मुलांच्या हाती कर्ता, क्रियापद व कर्म यांच्या पाट्या देऊन त्यांना जागा बदलावयास लावणे, हा साधा खेळ दोन्हीकडे सारखाच फलदायी आहे. उपपदे दोन्ही भाषांत नाहीत, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ हे दोन्हीकडच्या मुलांना छळतात. पण येथेही वऱ्हाडी मुलाजवळ एक साधन आहे, आणि ते आजीच्या गोष्टीत आहे. ‘एक राजा होता. त्या राजाले दोन रान्या होत्या.’ प्रथम उल्लेखास ‘एक’, नंतर ‘त्या’. इंग्रजी गोष्टीत पहिल्या वाक्यातला ‘अ किंग’ दुसऱ्या वाक्यात ‘द किंग’ का होतो, याचे यापरते स्पष्टीकरण व्याकरणाच्या पुस्तकात सापडणे कठीण.

वऱ्हाडी बोलीला मराठी साहित्यात प्रतिष्ठा नाही असे आज म्हणता येत नाही. उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ या कादंबरीतील संवादांनंतर तो प्रश्न उरलेला नाही. मराठीच्या अभ्यासकाला ‘जाऊन राहिला’ हा संशोधनाचा विषय वाटतो, आणि त्याच गावच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाला तो अडथळा वाटतो. या दोघांमध्ये टाचणाचा एक रकाना आहे. भाषाविभागाने बोलीच्या क्रियारूपांची मांडणी करावी व शिक्षणविभागाने तिच्यावरून इंग्रजीचे पाठ रचावेत, एवढे सहकार्य एका विद्यापीठाच्या आवारात अशक्य नसावे. तोवर केंद्राच्या शिक्षण परिषदेत जो पाठ वाटला जाईल, त्याच्याबरोबर तो कोणत्या मुलांसाठी रचला व त्यांच्या बोलीतील कोणत्या रचनेवर उभा आहे, एवढी ओळ तरी लिहिली जावी. पाठाची नकल करणाऱ्याला कृतीपेक्षा त्या ओळीचाच उपयोग अधिक.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अमरावती किंवा अकोला शहरातील एकाच वर्गात प्रमाण मराठी बोलणारी, वऱ्हाडी बोलणारी व घरी हिंदी बोलणारी मुले शेजारी बसतात; ‘तो जातो’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तो जाते’चा आधार देऊन काय उपयोग? उपयोग असा की, दोन्ही रूपे फळ्यावर येतील आणि वर्गाला त्यांची तुलना करता येईल; एरवी मागच्या बाकावर मुका बसणारा मुलगा त्या तासापुरता जाणकार ठरेल. खरी कठीण परीक्षा मेळघाटात आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा कुळातली आहे. तिच्यात एकवचन व अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचन आहे, आणि ‘आपण’ व ‘आम्ही’ यांतील भेद मराठीप्रमाणेच आहे. इंग्रजीच्या एका ‘वी’मध्ये कोरकू मुलाला आपले किती निरनिराळे ‘आम्ही’ कोंबावे लागतात, हे अमरावतीहून आणलेल्या टाचणात सापडणार नाही. ते त्या मुलालाच विचारावे लागेल, आणि त्याच्या उत्तरासाठी छापील रकान्यात आज एकच ओळ ठेवलेली आहे.