एक ओढा, दोन प्रश्न : जलगुणवत्तेच्या वर्गनामांची चिकित्सा

जलपरीक्षण हा रसायनशास्त्राचा व जीवशास्त्राचा विषय होय. त्यात भाषाभ्यासकाचे काय काम, असा प्रश्न सहज उपस्थित होईल. तथापि परीक्षणाचा निष्कर्ष अखेर एका अक्षरात सांगितला जातो, आणि सामान्य वाचक वाचतो ते अक्षरच. त्या अक्षरात नेमका कोणता अर्थ सामावला आहे हे तपासणे आमच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचे खास नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भूपृष्ठावरील पाण्याचे जे पाच वर्ग कल्पिले आहेत, त्यांची लहान ओढ्याच्या दृष्टीने चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या योजनेत ‘ए’ म्हणजे केवळ निर्जंतुक करून पिण्याजोगे पाणी. ‘बी’ उघड्यावरील स्नानास योग्य. ‘सी’ परंपरागत शुद्धीकरणानंतर पिण्यास योग्य. ‘डी’ वन्यजीव व मत्स्यसंवर्धनास योग्य. आणि ‘ई’ सिंचन, कारखान्यांतील शीतन इत्यादींस योग्य. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ या ढोबळ द्वंद्वात न अडकता ‘कशासाठी योग्य?’ असा प्रश्न तिने विचारला, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. दोष आहे तो नामकरणात. ए, बी, सी अशी अक्षरे ओळीने मांडली की वाचकाच्या मनात उतरती पायरी तयार होते. ‘डी’ म्हणजे ‘सी’हून हलके पाणी, असा ग्रह होतो. वस्तुतः हे उपयोगांचे वर्ग आहेत, प्रतीचे नव्हेत. ‘सी’ वर्गात पीएच ६ ते ९ चालतो, ‘डी’ वर्गात मात्र तो ६.५ ते ८.५ च्या आतच हवा. म्हणजे या एका बाबतीत माशांची अट पिण्याच्या पाण्याच्या अटीहून कडक आहे! पायरीची कल्पना येथेच ढासळते.

‘बी’ आणि ‘डी’ यांची तुलना अधिक उद्बोधक ठरते. ‘बी’ वर्गासाठी १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म जंतूंची संख्या ५०० हून अधिक नसावी, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक प्राणवायू-मागणी कमाल ३ मिलिग्रॅम असावी. ‘डी’साठी प्राणवायू किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया, नायट्रोजनच्या हिशेबाने, कमाल १.२ मिलिग्रॅम. स्नानाच्या वर्गात अमोनियाचा उल्लेख नाही. माशांच्या वर्गात जंतूंचा नाही. दोन्ही प्रश्न मुळातच भिन्न आहेत.

पुण्याच्या पश्चिमेस भूगावच्या परिसरातून येणारी, बावधन-पाषाणवरून जाऊन औंधजवळ मुळेला मिळणारी रामनदी घ्या. नाव नदीचे असले तरी आकार ओढ्याचाच. अशा प्रवाहाकडे एका काठावरून पोहू पाहणारे मूल बघते, आणि तळाशी खेकडा, मासा, चतुराची अळी राहते. पावसाळ्यात प्रवाह खळाळत असता प्राणवायू विपुल असतो. त्यात वस्तीचा मैला मिसळत असेल तर मासे तगून राहतील, पण मूल आजारी पडेल. उलट, तोच मैला क्लोरीन घालून निर्जंतुक केला तर जंतुसंख्या समाधानकारक दिसेल, आणि पाण्यात उरलेले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांवर आघात करील. दोघांचा न्याय एका अक्षराने कसा करावा?

दुसरा प्रश्न काळाचा. ‘४ मिलिग्रॅम’ हा आकडा कोणत्या घटकेचा? शेवाळ माजलेल्या संथ पाण्यात दिवसा वनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री सारे जीव तो वापरतात, आणि पहाटे त्याची पातळी नीचतम होते. दुपारच्या नमुन्यावरून ‘डी’ हे अक्षर देणे म्हणजे माध्यान्ही घेतलेल्या साक्षीवरून पहाटेच्या घटनेचा निवाडा करणे होय. अमोनियाचेही तसेच. २५ अंश उष्णतामानास पीएच ७ असता एकूण अमोनियापैकी विषारी वायुरूप अंश एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ८.५ झाला की तो सुमारे १५ टक्क्यांवर जातो. दोन्ही पीएच मात्र नियमात बसतात.

संज्ञांतही सावधगिरी हवी. जंतूंची ‘संभाव्यतम संख्या’ ही मोजदाद नसून अनुमान असते. ‘संभाव्यतम’ हे विशेषण गाळले की अनुमानाला गणनेचा मान मिळतो. प्राणवायू-मागणी कधी २० अंशांस पाच दिवसांची, तर कधी २७ अंशांस तीन दिवसांची असते; नाव एक, क्रिया दोन. परिमाण, काळ व उष्णतामान यांवाचून ती संज्ञा अपुरी समजावी.

मोठ्या नद्यांच्या स्थूल नियोजनास ही योजना उपकारक असेल. लहान ओढ्यास ती पुरत नाही. तेथे अक्षराऐवजी दोन स्वतंत्र वाक्ये लिहावीत. एक पोहणाऱ्यासाठी : कोणत्या ठिकाणी, पावसानंतर किती दिवसांनी, मैलाजन्य जंतू किती. दुसरे जलचरांसाठी : पहाटेचा प्राणवायू किती आणि तळाशी कोण राहते. या दुसऱ्या अंगाची परंपरा जुनी आहे. कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८-०९ मध्येच जीवांवरून प्रदूषण ओळखण्याची पद्धती मांडली. पुढे ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या गुणांकनात मेफ्लायच्या अनेक कुलांना १० गुण, तर गढूळ, प्राणवायुहीन चिखलातही तगणाऱ्या गांडूळवर्गीय कृमींना १ गुण दिला गेला. बाटलीतला नमुना क्षणाची साक्ष देतो. दगडाखालची अळी गेल्या कित्येक आठवड्यांची साक्ष देते.

वर्गीकरण म्हणजे अर्थाचा संक्षेप, आणि संक्षेपात काही गळणे अटळ आहे. तथापि जे गळते ते मुलाचे आरोग्य किंवा माशाचा श्वास असेल, तर एक वाक्य अधिक लिहिण्याचे कष्ट अहवाल लिहिणाऱ्याने घेतलेच पाहिजेत.