शेजारभाषेचे भूत : पूर्वकथापट आणि तंजावूर

‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) या चित्रपटाची पूर्वकथा दोनदा चित्रित झाली. पॉल श्रेडर यांचा चित्रपट निर्मात्यांनी बाजूला ठेवला, रेनी हार्लिन यांच्याकडून ती नव्याने करवून घेऊन २००४ मध्ये प्रदर्शित केली. श्रेडर यांची आवृत्ती २००५ मध्ये प्रेक्षकांपुढे आली. दोन्हींचा नायक मेरिन हा धर्मगुरू. आपल्याच गावकऱ्यांपैकी कोणाला गोळ्या घालायच्या, हे हॉलंडमध्ये नाझी अधिकाऱ्याने त्याला निवडायला लावले आणि त्याची श्रद्धा गेली. सैतान मात्र त्याला भेटतो केनियात, उत्खननात सापडलेल्या चर्चखाली. अपराध युरोपातला, पिशाच आफ्रिकेतले. श्रेडर यांना हा विसंवाद जाणवलेला दिसतो, कारण त्यांची कथा हॉलंडमधील हत्याकांडानेच सुरू होते. हार्लिन ते स्मृतीच्या तुकड्यांत विखुरतात व भयाला प्राधान्य देतात. पूर्वकथा म्हणून पहिलीच अधिक प्रामाणिक ठरते.

हाच स्थानबदल भारतीय चित्रपटात पाहायचा तर फाजिल दिग्दर्शित ‘मणिचित्रताळ’ (१९९३) या मलयाळम चित्रपटाकडे वळावे लागते. येथे पूर्वकथा वर्तमानकथेच्या पोटातच आहे. तंजावूरची नर्तकी नागवल्ली केरळातील एका घराण्याच्या प्रमुखाने आणली आणि मारली. पिढ्यांनंतर तिचा संचार गंगेत होतो. हत्या केरळातली, पण भूत तमिळ बोलते, तमिळ गाते. उपचार मनोविकारतज्ज्ञ आणि मांत्रिक मिळून करतात. मेरिनला विधीसाठी गमावलेली श्रद्धा परत मिळवावी लागते. येथे बाहुल्याचा शिरच्छेद करवून नाट्यानेच काम भागते.

पुढील रूपांतरे अधिक बोलकी आहेत. कन्नड ‘आप्तमित्र’ (२००४) आणि तमिळ ‘चंद्रमुखी’ (२००५) यांत नर्तकी तेलुगू होते, तर हिंदी ‘भूलभुलैया’त (२००७) ती बंगाली होते. तमिळ प्रेक्षकांसाठी तंजावूरची स्त्री परकी उरत नाही, म्हणून भूत सीमेपलीकडे हलवले जाते. कथानक जवळजवळ तेच, फक्त भुताची भाषा शेजाऱ्याची. आपल्या घरातील अपराधाला परक्या उच्चारात बोलायला लावणे ही या कथाबंधाची सोय आहे, आणि तुलनाकारांनी ती केवळ स्थानिक रंग म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

तंजावूरच्या राजवाडा परिसरातून पाहिले की ही सोय अधिकच खटकते. येथून नृत्यसंगीत केरळात गेले ते बळाने नव्हे. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) दरबाराशी संबंधित चार नट्टुवनार बंधूंपैकी वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ यांच्याकडे गेले आणि तेथे सन्मान पावले. खुद्द सरफोजींनी नर्तकींसाठी मराठी निरूपणे रचली; तमिळ देशातील नर्तकीच्या पायांखाली मराठी शब्द होते, ही गोष्ट मराठी नाट्यसमीक्षेनेही फारशी मनावर घेतलेली नाही. याच राजांच्या धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यक शेजारी नांदले. श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्याच्या हाताखाली वाढलेले सरफोजी स्वधर्मातच राहिले आणि गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्पही करवून घेतले. परक्याशी संबंध आला म्हणून श्रद्धा ढळावी किंवा पिशाच निघावे, असे येथे घडले नाही.

त्याहून जुना पुरावा शहाजीराजांचा (१६८४–१७१२). त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलणारी पात्रे एकाच रंगमंचावर येतात. तेथे शेजारभाषा बोलणारी स्त्री कोणाच्या अंगात येत नाही. ती कृष्णाशी विवाह करायला आलेली असते.