फुली वाचा

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या (१८६१-६५) काळ्या घोडदळांचे सह्यांचे कागद शौकीन लोक जमवतात. सही नामांकित, तर भाव चढा. पण अधिकारी बहुतेक सगळे गोरेच! पाचव्या मॅसॅच्युसेट्स घोडदळाचा कर्नल अ‍ॅडम्स तर दोन राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातला.

दोस्तहो, हे वाचन अर्धंच. भरतीच्या कागदांवर कित्येक काळ्या शिपायांच्या नावाशेजारी नुसती फुली आहे. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणं गुन्हा होता. अशांनी फुली मारली अन् घोड्यावर मांड ठोकली. ऑक्टोबर १८६४ मध्ये सॉल्टव्हिलला जखमी पडलेल्या काळ्या स्वारांना दक्षिणेच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या. फुलीची किंमत ही!

मला विचाराल तर खरी सही तीच. संग्रहाच्या यादीत आधी फुलीवाल्याचं नाव येऊ द्या. कर्नल मागनं.